या चुका टाळा: लिनोलियमखालचा थर निवडताना आणि बसवताना

लिनोलियमला फुगे आले, कडा उचलल्या किंवा आरपार रेषा उमटल्या, की दोष बहुधा चादरीला नाहीतर गोंदाला दिला जातो. तक्रारीचे मूळ मात्र बहुतेक वेळा चादरीखाली असते. दोन-तीन मिलिमीटर जाडीची ही चादर खालचा खड्डा, ओल किंवा सांधा लपवू शकत नाही. फार तर चार-सहा महिने उशिरा दाखवते. सांगलीत या गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, शिवाय २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत नदीकाठच्या अनेक घरांत पाणी शिरलेले आहे. त्यामुळे कोणता प्लाय आणावा हे विचारण्याआधी घरमालकाने आपली जमीन कितपत कोरडी आहे, हे पाहून घ्यावे.

त्याआधी नावाचा एक घोळ मिटवला पाहिजे. आपल्याकडे दुकानात ‘लिनोलियम’ म्हणून जे मिळते, ते बहुतांशी पीव्हीसीची चादर असते. इंग्लंडमधील फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६३ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, ते खरे लिनोलियम जवसाचे तेल, राळ, बुचाचा चुरा आणि लाकडाचा बारीक भुसा यांचे मिश्रण तागाच्या कापडावर दाबून बनवतात. चादर उलटी करून पाहिली की फरक लगेच कळतो: खऱ्या लिनोलियमच्या पाठीवर तागाची वीण दिसते आणि जवसाच्या तेलाचा वास येतो. हा फरक केवळ नावापुरता नाही. सिमेंटमधून वर येणारी ओल क्षारयुक्त असते आणि ती जवसाच्या तेलावर आधारलेल्या मिश्रणाला हळूहळू सैल करते, ताग कुजवते. पीव्हीसी स्वतः कुजत नाही, पण ती ओल खालीच कोंडून धरते. मग गोंद सुटतो आणि बुरशीचे काळे-पिवळे डाग वर झिरपतात.

उन्हाळ्यातील कोरड्या जमिनीवर विसंबणे

ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्या घराच्या तळमजल्यावरील खोलीत जुनी शहाबादी फरशी होती. वैशाखात ती तळव्याला ठणठणीत कोरडी लागत होती, म्हणून तिच्यावर सहा मिलिमीटरचा प्लाय ठोकून मी चादर चिकटवली. भाद्रपदात गौरी बसवण्यासाठी कोपऱ्यातील टेबल हलवले, तेव्हा त्याच्या पायाखाली चादर मऊ लागली. कोपरा उचलून पाहिला, तर प्लायचा वरचा पापुद्रा ओल्या पापडासारखा बोटाला चिकटून आला आणि खालच्या फरशीच्या सांध्यांत पांढरा लोणा फुललेला दिसला.

ओल तपासण्याची साधी पद्धत अशी: दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लॅस्टिक जमिनीवर पसरावे, चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद कराव्यात आणि किमान १६ तास, शक्य तर पूर्ण एक दिवस-रात्र, ते तसेच ठेवावे. काढताना प्लॅस्टिकच्या आतील बाजूस थेंब दिसले किंवा खालची जमीन काळपट झालेली आढळली, तर ओल आहे असे समजावे. ही तपासणी एकाच जागी न करता बाहेरच्या भिंतीलगत, न्हाणीघराच्या बाजूस आणि खोलीच्या मध्यभागी करावी, आणि जमेल तर श्रावण-भाद्रपदात करावी. मे महिन्यात मिळालेला अनुकूल निकाल हा त्या महिन्यापुरताच असतो. नवा कोबा केला असेल, तर २८ दिवस पाणी मारून झाले म्हणजे तो वाळला, असेही समजू नये. त्या दिवसांत काँक्रीटला मजबुती येते. त्यातील पाणी निघून जाण्यास त्यापुढे कित्येक आठवडे लागतात आणि कोबा जाड असेल तितका हा काळ वाढतो.

जमिनीला लागून असलेल्या मजल्यावर लाकूड घालणे

माझे मत येथे स्पष्ट आहे: तळमजल्यावरील कोब्यावर किंवा फरशीवर प्लाय, हार्डबोर्ड अथवा पार्टिकल बोर्ड घालू नये. ‘वॉटरप्रूफ आहे, साहेब,’ असे सुतार सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, पण ते अर्धेच सत्य असते. आयएस ३०३ या भारतीय मानकातील बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा, प्लाय असो किंवा आयएस ७१० चा मरीन प्लाय, पाण्याला दाद देत नाही तो थरांमधील गोंद. लाकूड ओल घेतेच आणि फुगतेच. पार्टिकल बोर्डाचे तर नावच काढू नये, कारण एकदा फुगलेली त्याची कड वाळल्यावरही पूर्ववत बसत नाही. शिवाय आपल्याकडे वाळवीचा प्रश्न आहेच.

अशा जमिनीवर सिमेंटवर आधारित, आपोआप समपातळीत पसरणारे मिश्रण योग्य ठरते. त्याआधी फरशीचे पोकळ वाजणारे तुकडे काढून पुन्हा बसवावेत, सांधे खरवडून भरावेत, मेण, तेल आणि जुना रंग पूर्ण घासून काढावा आणि कंपनीने सांगितलेला प्रायमर लावावा. तपासणीत ओल आढळली, तर ओल रोखणारा इपॉक्सीचा थर आधी द्यावा लागतो. दरवर्षी लोणा फुटणारी, जोते खचलेली खोली असेल, तर तेथे लिनोलियमचा विचार सोडून दिलेला बरा. हे ऐकायला गिऱ्हाइकाला आवडत नाही, पण त्याचे पैसे वाचतात. पैसे वाचवण्यासाठी भिंतीची पुट्टी किंवा पीओपी वापरून खड्डे भरणारेही पुष्कळ भेटतात. हे थर वजनाखाली चुरतात आणि ओल लागताच भुसभुशीत होतात. चादरीखाली वर्तमानपत्रे किंवा गोणपाट अंथरण्याची जुनी सवयही सोडावी, कारण कागद ओल धरतो आणि बुरशीला खाद्य पुरवतो.

पातळी पाहण्यासाठी दहा फुटांची सरळ पट्टी जमिनीवर सर्व दिशांना फिरवावी. पट्टीखाली कोठेही सुमारे पाच मिलिमीटरपेक्षा अधिक फट असेल, तर ती भरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

माडीवरील फळ्यांचे काम

जुन्या वाड्यांच्या माडीवर मात्र प्लाय हाच योग्य थर आहे. प्रथम तुळयांवरील करकरणाऱ्या फळ्या स्क्रूने आवळाव्यात, कारण प्लाय बसल्यावर करकर तशीच राहते आणि मग ती शोधता येत नाही. सपाट, अरुंद फळ्यांवर सहा मिलिमीटरचा प्लाय पुरतो. रुंद आणि वाकलेल्या फळ्यांसाठी मी बारा मिलिमीटरचा घेतो. आतील थरांत पोकळी असलेला स्वस्त प्लाय घेऊ नये, कारण खुर्चीचा पाय नेमका त्या पोकळीवर आला की चादरीसकट प्लाय खचतो. आठ बाय चारचे ताव कामाच्या खोलीतच एक-दोन दिवस उभे ठेवावेत, म्हणजे ते तेथील हवेला सरावतात.

ताव विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे मोडून लावावेत आणि चार कोपरे एका ठिकाणी आणू नयेत. दोन तावांमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी आणि भिंतीलगत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट ठेवावी. कडेने दर दोन ते चार इंचांवर आणि मध्ये दर सहा इंचांवर स्क्रू हवा, आणि त्याचे डोके पृष्ठभागाच्या किंचित खाली बसले पाहिजे. सुतारकामात बारीक खिळ्यांनाही चुकाच म्हणतात, आणि येथे त्याही टाळायच्या आहेत: गुळगुळीत खिळा लाकडाच्या हालचालीबरोबर हळूहळू वर सरकतो आणि चादरीवर पुटकुळीसारखा उमटतो. खुणा पेन्सिलीनेच कराव्यात. मार्करची किंवा बॉलपेनची शाई पीव्हीसीमधून वर झिरपते आणि सुताराने लिहिलेली मापे पुढे कायमची वाचावी लागतात.

डाग आणि रेषा कशा ओळखाव्यात

काम आधीच झाले असेल, तर चादर उपटण्यापूर्वी टेप घ्यावा. चार किंवा आठ फुटांवर सरळ रेषा उमटत असेल, तर तो प्लायचा सांधा आहे. तो भरला गेला नसावा किंवा ताव फट न ठेवता भिडवले असावेत. दोन फुटांच्या आसपास चौकटी दिसत असतील, तर खालच्या शहाबादीचे सांधे बोलत आहेत. दाबल्यावर सरकणारा आणि पावसाळ्यात मोठा होणारा फुगा ओलीचा असतो. तो टोचून पुन्हा चिकटवण्यात अर्थ नाही. वर्षभर तेवढाच राहणारा फुगा मात्र गोंद कमी पडल्याचा किंवा रोलर न फिरवल्याचा असतो आणि तो दुरुस्त होतो. कपाटाच्या पायांखाली खळगे पडले असतील, तर खाली मऊ फोम घातला आहे का, हे पाहावे. पायाला गुबगुबीत लागावे म्हणून दुकानदार तो आग्रहाने देतात. पण पातळ चादरीखाली फोम दबतो, चादर ताणली जाते आणि शेवटी जोडाच्या ठिकाणी फाटते. अशा वेळी फोम काढून टाकावा लागतो, आणि एकदा खळगे पडलेली चादर सहसा पुन्हा सपाट बसत नाही, म्हणून नव्या चादरीचा खर्च त्यातच धरावा.