आधी हद्द, मग माणसं: अमेरिकेतल्या छोट्या गावाची माहिती कशी काढायची

पोराला अमेरिकेत ॲडमिशन मिळाली किंवा पोरीला नोकरी लागली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘गाव केवढं आहे?’ मोबाईलवर आकडा दोन मिनिटांत सापडतो. तो आकडा नेमका कशाचा, हे मात्र कुणी बघत नाही.

कोल्हापूरकराला हे समजायला अवघड नाही, कारण हद्दवाढीचा वाद इथं वर्षानुवर्षं चाललाय. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ आहे. त्यात पाचगाव नाही, उचगाव नाही. गाडीवरून जाताना शहर कुठं संपलं ते कळतही नाही, पण आकडा महापालिकेच्या हद्दीवर संपतो. अमेरिकेतही तसंच आहे, फक्त हद्दीचे प्रकार जास्त आहेत. म्हणून आधी हद्द बघायची आणि मग माणसं मोजायची.

नाव पक्कं करा

स्प्रिंगफिल्ड, फ्रँकलिन ही नावं तिकडं आपल्याकडच्या वाडी-वस्त्यांसारखी जागोजागी आहेत. त्यामुळे गावाचं नाव, काउंटी आणि राज्य हे तिन्ही एकत्र लिहून घ्या. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण आकारानं बऱ्याचदा तालुक्याएवढा. लुइझियानात त्याला पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो.

पुढं गावाचा प्रकार बघा: सिटी, टाउन, व्हिलेज, टाउनशिप की सीडीपी. इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. न्यूयॉर्क राज्यात ‘सिटी ऑफ इथाका’ आणि ‘टाउन ऑफ इथाका’ अशा दोन वेगळ्या संस्था आहेत. २०२० मध्ये सिटीची लोकसंख्या ३२,१०८ होती आणि तिच्याभोवतीच्या टाउनची २२,२८३. सिटी टाउनमध्ये धरलेली नाही. त्याच राज्यातलं व्हिलेज मात्र टाउनच्या पोटात असतं, म्हणजे तिथली माणसं दोन्ही आकड्यांत येतात. दोन्हींची बेरीज केलीत तर तीच माणसं दोनदा मोजाल.

सीडीपी म्हणजे सेन्सस डेसिग्नेटेड प्लेस. इथं नगरपालिका नसते, वस्ती मात्र असते. मोजणीच्या सोयीसाठी सेन्सस ब्युरोनं, म्हणजे तिथल्या जनगणना खात्यानं, तिच्याभोवती रेष आखलेली असते. ही रेष पुढच्या जनगणनेत सरकू शकते. गाव ‘वाढलं’ असं दिसतं तेव्हा कधी कधी रेषच वाढलेली असते. सिटीनं शेजारची जमीन हद्दीत घेतली तरी तोच परिणाम दिसतो.

मध्य-पश्चिमेच्या राज्यांत टाउनशिप हा शब्द भेटेल. तिथल्या जमिनीची मोजणी १७८५ च्या कायद्यानं चौकटीत बसवली गेली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक चौकोन म्हणजे टाउनशिप, त्यात ३६ सेक्शन आणि प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. आपल्या हिशोबानं एका सेक्शनचे २५,६०० गुंठे. उपग्रह नकाशावर आयोवा उघडा. दर मैलाला सरळ रस्ता आणि मधे चौकोनी रानं दिसतील. भावाभावांत वाटण्या होऊन पट्ट्या पडलेलं शिवार बघायची सवय असलेल्या डोळ्याला ते जरा खोटंच वाटतं.

पोस्टाच्या झिप कोडवरून गावाची हद्द कधीच ठरवू नका. एका गावाच्या नावाचा झिप आजूबाजूची मैलोन्‌मैल शेतंही पोटात घेतो. पत्त्यात गावाचं नाव असूनही घर हद्दीबाहेर असू शकतं. खात्रीचा मार्ग म्हणजे सेन्ससचा सात आकडी कोड. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे (आयोवा १९, टेक्सास ४८) आणि पुढचे पाच गावाचे.

क्षेत्रफळ: जमीन वेगळी, पाणी वेगळं

सेन्सस ब्युरोच्या गॅझेटियर फाइलमध्ये प्रत्येक गावाचं जमिनीचं आणि पाण्याचं क्षेत्रफळ स्वतंत्र दिलेलं असतं. अक्षांश-रेखांशही तिथंच मिळतात. एक चौरस मैल म्हणजे २.५९ चौरस किलोमीटर. घनता काढताना फक्त जमीन धरायची.

अलास्कातलं व्हिटियर घ्या. एकूण क्षेत्रफळ १९.७ चौरस मैल, त्यातली जमीन १२.५ आणि बाकी पाणी. २०२० ची लोकसंख्या २७२. घनता आली चौरस मैलाला जेमतेम २२, म्हणजे चौरस किलोमीटरला ८.४. कोल्हापूर शहराचं क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर, तिथं हाच आकडा ८,२०० च्या वर जातो. व्हिटियरला माणूस माणसाला दिसत नसेल, असंच वाटेल. प्रत्यक्षात तिथले जवळजवळ सगळे रहिवासी बेगिच टॉवर्स नावाच्या एकाच चौदा मजली इमारतीत राहतात. गावात गाडीनं शिरायला अडीच मैलांचा एकेरी बोगदा आहे, आणि त्यातून आगगाडी आणि मोटारी आळीपाळीनं जातात. यातलं काहीच घनतेच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून आकड्याच्या शेजारी नकाशा उघडा ठेवा.

लोकसंख्या: मोजलेली आणि अंदाजलेली

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते, आणि आता १ एप्रिल हा तिचा दिवस आहे. हा आकडा मोजलेला असतो. दुसरा आकडा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा, आणि तो नमुना पाहणीवरून काढलेला अंदाज असतो. उत्पन्न, शिक्षण, भाषा, घरभाडं हे सगळं या पाहणीतूनच येतं.

क्विकफॅक्ट्स या सोप्या पानावर पाच हजारांखालची गावं नसतात. गाव सापडलं नाही म्हणून शेजारच्या काउंटीचे आकडे उचलू नका. सेन्ससच्या मुख्य डेटा पोर्टलवर गावाचं नाव टाका आणि हे तक्ते मागवा: २०२० च्या मोजणीसाठी पी १, पाहणीतल्या वय आणि लोकसंख्येसाठी डीपी ०५, उत्पन्न आणि रोजगारासाठी डीपी ०३. पाहणीचे एका वर्षाचे आकडे फक्त ६५ हजारांवरच्या ठिकाणांसाठी निघतात. छोट्या गावाला पाच वर्षांचेच घ्यावे लागतात. ‘२०१८-२२’ असं लिहिलं असेल तर तो पाच वर्षांचा मिळून अंदाज आहे, २०२२ चा नाही.

प्रत्येक अंदाजापुढं ± चिन्ह लावून एक आकडा असतो. बहुतेकजण तो सोडून देतात, आणि छोट्या गावाच्या बाबतीत नेमका तोच महत्त्वाचा. समजा, एका गावाचं मध्यक घरउत्पन्न ५२,००० डॉलर ± १४,००० आहे. म्हणजे खरा आकडा ३८ ते ६६ हजारांच्या दरम्यान असण्याची खात्री ९० टक्के. शेजारच्या गावाचं ६०,००० ± १२,०००. दुसरं गाव श्रीमंत म्हणायचं का? दोन्ही ± चे वर्ग करा, बेरीज घ्या, वर्गमूळ काढा. सुमारे १८,४०० येतात. फरक आहे ८,००० चा, म्हणजे या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही.

टक्केवारीही छोट्या गावात फसवते. व्हिटियर २०१० मध्ये २२० होतं, दहा वर्षांत २७२ झालं. वाढ २३.६ टक्के, वाचायला दणदणीत. वाढलेली माणसं ५२, बसून-उभी राहून एका एसटीत मावतील एवढी. त्याची काउंटी पातळीवरची तुलना तर करूच नका. २०१९ मध्ये, व्हिटियर ज्यात होतं तो काउंटीच्या जागी धरला जाणारा व्हाल्डेझ-कॉर्डोव्हा विभाग मोडून त्याचे चुगाच आणि कॉपर रिव्हर असे दोन केले.

आणखी एक मेख आहे. व्यक्तीची माहिती ओळखू येऊ नये म्हणून २०२० च्या गावपातळीच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळलेली आहे. राज्याची बेरीज मात्र अचूक ठेवलीय. नेब्रास्कातल्या मोनोवी गावात एकच रहिवासी होती, २०१० चा आकडाही १ होता. २०२० चा छापील आकडा आला २. पन्नास-शंभर वस्तीच्या गावात ‘ऐंशी वर्षांवरचे तीन पुरुष’ असं काही दिसलं तर ते शब्दशः धरू नका.

कॉलेज किंवा तुरुंग आहे का तेही बघा. वसतिगृहातले विद्यार्थी आणि कैदी, जिथं राहतात तिथंच मोजले जातात. तुरुंगानं गाव फुगतं आणि पुरुषांचं प्रमाण चढतं. कॉलेजच्या गावात खोली घेऊन राहणाऱ्या पोरांचं उत्पन्न नगण्य, त्यामुळे दारिद्र्याचा टक्का भलताच मोठा दिसतो. वसतिगृहातली पोरं त्या हिशोबात धरतच नाहीत. टक्का बघून गाव गरीब ठरवण्याआधी वयाचा तक्ता उघडा. १८ ते २४ चा गट फुगलेला असेल तर कारण सापडलं.

उलटी मापं

लिंग गुणोत्तर तिकडं शंभर स्त्रियांमागं पुरुष असं देतात, आपण हजार पुरुषांमागं स्त्रिया. तिकडचं १०५ म्हणजे आपलं ९५२. कोल्हापूर जिल्ह्याचं २०११ चं ९५७ त्याच्या जवळचं आहे, पण आकडे नुसते शेजारी ठेवले तर काहीच कळत नाही. वंश आणि ‘हिस्पॅनिक’ (स्पॅनिशभाषक मुळाचे) हे २०२० मध्ये दोन वेगळे प्रश्न होते, म्हणून सगळे टक्के मिळवले तर शंभराच्या वर जातात. ती चूक नव्हे. ‘हाउसहोल्ड’ म्हणजे एका घरात राहणारे सगळे, ‘फॅमिली’ म्हणजे त्यातले नात्याचे. दोन्हींचं उत्पन्न वेगळं येतं.

हवामानासाठी १९९१-२०२० ची सरासरी घ्या आणि हवामान केंद्र गावापासून किती लांब आहे ते तपासा. गगनबावड्याचा पाऊस कोल्हापूरचा म्हणून खपवला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको, आणि अंतर फक्त ५५ किलोमीटर आहे. फॅरनहाइटमधून ३२ वजा करून पाचानं गुणा, नवानं भागा. पावसाचा एक इंच २५.४ मिलीमीटर. उंचीचा फूट ०.३०४८ मीटर.

टिपण एका पानात बसवा. प्रत्येक आकड्यापुढं वर्ष, तक्त्याचा नंबर आणि असेल तर ± लिहा. खाली नकाशावरून मोजलेली चार अंतरं टाका: काउंटीचं मुख्यालय, मोठा दवाखाना, किराणा दुकान, विमानतळ. ही अंतरं रस्त्यानं मोजा. मधे नदी किंवा डोंगर असला तर सरळ रेषेचे दहा मैल रस्त्यानं चाळीस होतात.