जुना 'डॉन' कानांनी कसा बघायचा

१९७८ चा 'डॉन' आपण सगळ्यांनीच टीव्हीवर कधी ना कधी तुकड्यातुकड्यात बघितलाय, डायलॉग पाठ आहेत, पण कल्याणजी-आनंदजींनी त्यात संगीताचं जे काम केलंय ते तुकड्यात बघून कळतच नाही. त्यासाठी पिक्चर एकदा कानांनी बघायला लागतो. कसा ते सांगतो. ज्यांनी अजून एकदाही बघितला नसेल त्यांनी आधी सरळ बघून घ्या आणि मग इथे या, कारण शेवटचं रहस्य मी फोडणार नाही पण मधलं बरंचसं फुटणार आहे.

आधी कॉपी नीट निवडा, यावर निम्मा खेळ आहे. कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यांवर वरून ड्रम मशीन चढवून 'झंकार बीट्स' नावाने विकायचे, ती व्हर्जन्स आजही नेटवर जिकडेतिकडे पडलेली आहेत आणि 'डॉन'ची गाणी त्यात ऐकणं म्हणजे शुद्ध अन्याय आहे, कारण या गाण्यांची सगळी मजा मूळ ऱ्हिदममध्ये आहे आणि नेमका तोच दाबला जातो. काही अपलोड थोडे फास्ट चालवलेले असतात, किशोरचा आवाज जरा पातळ वाटला की ती कॉपी सोडून द्या. मोबाईलच्या स्पीकरवर तर ऐकूच नका, बेस गिटार येतच नाही. साधे हेडफोन पुरतात, महागडे काही लागत नाहीत.

आता टायटल्स. माळावरचा सौदा, स्फोट, आणि मग नावं सुरू होतात. पहिल्यांदा नावं वाचा (लेखक सलीम-जावेद, दिग्दर्शक चंद्रा बारोट, निर्माते नरिमन इराणी, जे मुळात कॅमेरामन होते आणि पिक्चर रिलीज व्हायच्या आधीच गेले), मग मागे जाऊन डोळे मिटून परत ऐका. आधी फक्त बेस पकडा, तो सापडला की त्यावर वा-वा पेडलची (पायाने दाबून 'वा-वा' आवाज काढायची) गिटार ऐका, मग ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं. एका वेळी एकच वाद्य धरायचं, सगळं एकदम ऐकायला गेलात तर नुसता 'भारी आवाज' एवढंच हाताला लागतं. हे ऐकताना लक्षात ठेवा की यातले कल्याणजी म्हणजे १९५४ च्या 'नागिन'मध्ये क्लॅव्हिओलिनवर बीन वाजवणारे कल्याणजी. कीबोर्डातून पुंगी काढणारा माणूस चोवीस वर्षांनी फंक (बेस आणि ठेक्यावर चालणारं अमेरिकन संगीत) करतोय, आणि दोन्ही तितकंच अस्सल वाटतं! धाकटा भाऊ बाबलाही ऱ्हिदमच्या कामात यांच्यासोबत असायचा, त्यामुळे या घरात तालाकडे कुणी दुय्यम म्हणून बघितलंच नाही.

आता मेन गोष्ट. गाणं सुरू झालं की एकच प्रश्न विचारायचा, इथे कोण कुणापासून काय लपवतोय? या पिक्चरमधली गाणी कथा थांबवून येत नाहीत, गाणं चालू असताना कुणाचा ना कुणाचा तरी जीव टांगलेला असतो.

'ये मेरा दिल' घ्या. नुसतं गाणं म्हणून ऐकलं तर हेलनचा डान्स आणि आशाबाईंचा आवाज, बस. पण पिक्चरमध्ये हेलन म्हणजे कामिनी वेळ काढतेय, तिच्या माणसाला डॉनने मारलंय आणि पोलीस येईपर्यंत डॉनला खोलीत अडकवून ठेवायचंय. हे डोक्यात ठेवून परत लावा. आशाबाई ओळ संपवताना श्वास कसा सोडतात आणि पुढची ओळ किती पटकन उचलतात ते ऐका, त्यात लाडिकपणा आहे आणि घाईपण आहे. माझ्या मते आशाबाईंच्या त्या काळातल्या कामात हे फार वरचं आहे. शब्द इंदीवर यांचे, बाकी चारही गाणी अंजान यांची. याच गाण्याचा तुकडा २००५ मध्ये ब्लॅक आइड पीज या अमेरिकन ग्रुपने 'डोन्ट फंक विथ माय हार्ट'मध्ये उचलला, सोबत १९७२ च्या 'अपराध'मधलं 'ऐ नौजवान'सुद्धा, तेही कल्याणजी-आनंदजींचंच आणि आशाबाईंचंच, आणि ब्लॅक आइड पीजच्या त्या गाण्याला पुढे ग्रॅमी मिळालं. तिघं एकामागोमाग एक लावा, काय कुठून आलंय ते दोन मिनिटांत कळतं.

पुढची स्टेप सगळ्यात महत्त्वाची. 'ई है बंबई नगरिया' आणि 'मैं हूँ डॉन' पाठोपाठ ऐका, मधे काहीही लावू नका. दोन्ही किशोर, दोन्ही पडद्यावर विजयच, म्हणजे हुबेहूब डॉनसारखा दिसणारा आणि पुढे त्याच्या जागी गँगमध्ये शिरणारा माणूस. पहिल्यात तो रस्त्यावर गाऊन पोट भरणारा साधा माणूस आहे, ढोलकीचा ठेका आहे, बोली बनारसकडची आहे, आणि अंजान स्वतः बनारसचे असल्यामुळे ती बोली उसनी वाटत नाही. दुसऱ्यात तोच माणूस सूट घालून गँगसमोर उभा आहे आणि म्हणतोय ओळखा मला, मी कोण, कुठून आलो. गँगला वाटतं डॉन मजा करतोय. आपल्याला माहितीय की खरा डॉन केव्हाच मेलाय आणि हा माणूस भर पार्टीत सगळ्यांच्या तोंडावर खरं सांगून टाकतोय, फक्त ते कुणाला ऐकू येत नाहीये. किशोरने इथे गावरान ढब पूर्ण काढून टाकलीय पण खट्याळपणा ठेवलाय, आणि तो खट्याळपणा विजयचा आहे, डॉनचा नाही. खरा डॉन असा खिदळेल का? पटत नसेल तर सुरुवातीचे त्याचे सीन परत बघा.

'जिसका मुझे था इंतज़ार'ला पण तोच नियम. लता-किशोरचं प्रेमाचं ड्युएट वाटतं पण नायिका रोमा डॉनवर सूड घ्यायला गँगमध्ये आलेली आहे, मारण्या-मरण्याचे शब्द ती शब्दशः म्हणतेय. हे गाणं बाकीच्यांपेक्षा थोडं कमी चढतं, एकदा नीट ऐकलं की पुरे.

मग 'खइके पान बनारसवाला'. याच्यासाठी वेळ काढा. हे मूळ पिक्चरमध्ये नव्हतं, मनोज कुमारने कट बघितला आणि सांगितलं की दुसरा भाग फार टाईट झालाय, प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा द्या, म्हणून नंतर टाकलं. हे आधी माहिती असलं की मग जागा बरोबर दिसते, पळापळ चालू आहे, पोलीस मागे, गँग मागे, आणि मधेच भांग. बाकीच्या गाण्यांना जो प्रश्न विचारला तो इथे विचारून बघा, कुणीच काही लपवत नाहीये! विजय परत विजय झालाय. सुरुवातीचे शब्द ठेक्याशिवाय आहेत, किशोर ते अर्धे बोलतो अर्धे गातो, तोंडात पान भरल्यासारखा उच्चार आहे, आणि रेकॉर्डिंगला त्याने खरोखर पान मागवून खाल्लं होतं असं आनंदजी सांगायचे. तो मोकळा भाग संपून ढोलक ज्या क्षणी पडते ना, तो क्षण चार-पाच वेळा मागे घेऊन ऐका, 'बंबई नगरिया'तला माणूस तिथे परत भेटतो. फिल्मफेअर किशोरला याच गाण्यासाठी मिळालं, आणि त्याच वर्षी आशाबाईंना 'ये मेरा दिल'साठी.

सगळं झाल्यावर वाटलंच तर २००६ च्या 'डॉन'मधली शंकर-एहसान-लॉयची व्हर्जन्स ऐका. सुनिधीने छान गायलंय, उदित नारायणनेही जीव लावलाय, प्रॉडक्शन तर चकाचक आहे. पण आधी ती आणि मग जुनी असं करू नका, नव्याचा बेस कानात बसला की जुन्याचा आवाज उगाच बारीक वाटायला लागतो.

आणि कल्याणजी-आनंदजींचा हा रंग आवडला तर पुढे 'जॉनी मेरा नाम' (१९७०), 'अपराध' (१९७२), 'धर्मात्मा' (१९७५) या क्रमाने जा, त्यात 'जॉनी मेरा नाम'मधलं 'हुस्न के लाखों रंग' सगळ्यात आधी, तेही हेडफोन लावूनच.