कपडेपटातला अत्तराचा फाया

कापराच्या वासाने देवघर आठवतं आणि मर्तिकही. नाटकात प्रेक्षकाला यातलं नेमकं काय आठवावं, ते कपडा ठरवतो. सोवळं नेसलेल्या बाईबरोबर कापूर दरवळला की आरतीची वेळ झाली. उघड्या अंगाने, नुसतं पांढरं धोतर नेसून आलेल्या माणसाच्या उपरण्याला तोच वास असला की हॉल चिडीचूप. म्हणून वास वापरायचाच असेल तर तो कपडे ठरवतानाच ठरवा. रंगीत तालमीच्या दिवशी दिग्दर्शकाला सुचलं म्हणून शिंपडलेलं अत्तर म्हणजे लग्नातलं गुलाबपाणी. मी पुण्यात प्रायोगिक नाटकांचा आणि कॉलेजच्या एकांकिकांचा कपडेपट बघते, त्यामुळे हे जरा कडक वाटेल.

आधी कपड्याला आहे तो वास घालवा. भाड्याने आणलेल्या अंगरख्यात डांबरगोळी, मागच्या नटाचा घाम आणि दाढी चिकटवायचा स्पिरिट गम असं सगळं एकत्र नांदत असतं. त्यावर हिन्याचं अत्तर लावलं तर चौथा, आणखी भयंकर वास तयार होतो. धुता येईल ते धुवा. जरीचं, मखमलीचं धुता येत नाही. ते उलटं करून पंख्याखाली टांगा. परदेशातल्या कपडेपटांत स्वस्त व्होडका पाण्यात मिसळून काखेत आतून फवारतात. अल्कोहोल उडून जातं आणि घामाचा वास बराच उतरतो. आपल्याकडेही चालतं, फक्त रंग जातो का ते आधी शिलाईत सोडलेल्या मायेवर बघा. आणि बाटली कशासाठी आणली ते पोरांना आधीच सांगून ठेवा.

डांबरगोळी मात्र कधीकधी मुद्दाम ठेवायची असते. वाड्यातली आजी, तिची ट्रंक असं नाटक असेल तर तो वास तुम्हाला फुकटात मिळालाय. त्यात वेखंडाचा तुकडा टाकला की झालंच. वेखंड, वाळा, नागरमोथा, कचोरा हे सगळं काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. अत्तरासाठी रविवार पेठेत चक्कर मारा. तेलातलं अत्तर घ्या, स्प्रे नको. स्प्रेतलं अल्कोहोल दिव्यांच्या उष्णतेत भसकन उडतं; एंट्रीला मेकअप रूमभर वास आणि दुसऱ्या प्रवेशात काही नाही. शिवाय नाटकात निरांजन असेल तर ताजा फवारलेला कपडा त्याच्या जवळ नेणं धोक्याचं.

अत्तर थेट कापडाला लावू नका. तेलाचा डाग रेशमावरून जात नाही आणि साडी बहुधा कुणाच्या तरी आईची असते. जुन्या सुती धोतराची बोटभर पट्टी घ्या, अस्तराच्या आत तिची छोटी पिशवी शिवा, तोंडाला टिचबटण लावा. फाया त्यात. ही पिशवी कुठे शिवायची यावर सगळं अवलंबून आहे. छातीशी शिवली तर वास नटाच्याच नाकात राहतो. कपड्याचा जो भाग हलतो तिथे शिवा: पदराचं टोक, उपरण्याचा काठ, अनारकलीच्या घेराची खालची कड. नटीने गिरकी घेतली की वास सुटतो, बसली की थांबतो.

माझा सगळ्यात आवडता प्रकार घडीचा. मुलगी गेलेल्या आईची साडी कपाटातून काढते, असा प्रसंग समजा. साडी वेखंडासकट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस ठेवा. पिशवी विंगेत उघडायची, तीही त्या प्रवेशाच्या अगदी आधी. नटीला सांगा, घडी छातीशी धरून रडू नकोस, प्रेक्षकांकडे तोंड करून एकदा झटक. पहिल्या तीन रांगांना वास पोचतो आणि पुढचं वाक्य म्हणायच्या आत पोचतो.

एकदाच, हे महत्त्वाचं. नाकाला काही मिनिटांत सवय होते. तासभर दरवळणारा मोगरा दहाव्या मिनिटाला कुणालाच येत नसतो. घातलेल्या नटाला तर त्याहून आधी येईनासा होतो, म्हणून तो ‘अजून लाव’ म्हणाला तरी ऐकू नका. बाहेर चहा पिऊन आलेल्या माणसाला विचारा. शिवाय नटराजपूजनाचा धूप तिसऱ्या घंटेला हॉलमध्ये असतोच, तेव्हा पहिली पंधरा मिनिटं आपलं काही काढू नये.

हॉलचाही विचार करा. सुदर्शन रंगमंचसारख्या छोट्या जागेत हे सगळं जमतं. 1968 साली सुरू झालेलं बालगंधर्व रंगमंदिर जवळजवळ हजार खुर्च्यांचं. तिथे बाल्कनीपर्यंत वास न्यायच्या नादाला लागू नका. 1960 मध्ये अमेरिकेत ‘स्मेल-ओ-व्हिजन’ नावाने खुर्च्यांपर्यंत नळ्या टाकून सिनेमाला वास जोडला होता. काहींना वास उशिरा पोचला, नळ्यांचा फुसफुस आवाज आला, आणि प्रकरण तिथेच मिटलं. मोठ्या थिएटरात फाया नटासाठी ठेवा. कॉलरच्या आत तंबाखूची चिमूट असलेला कारकून वेगळा बसतो, वेगळा खाकरतो. प्रेक्षकाला वास येत नाही, पण बसणं दिसतं. तिथे पिशवी छातीशीच शिवा.

एकांकिका स्पर्धेत आणखी एक पथ्य. भरत नाट्य मंदिरात ‘पुरुषोत्तम करंडक’ स्पर्धेला तुमच्यानंतर लगेच दुसरा संघ उभा राहतो. तुमचा धूप त्यांच्या हॉस्पिटलच्या प्रवेशात शिरला तर भांडण ठरलेलं. स्पर्धेत धूर नकोच, फक्त फाया.

सहकलाकारांना आधी विचारा. कुणाला दमा असतो, कुणाचं उग्र अत्तराने डोकं धरतं, आणि गाणाऱ्या नटाचा घसा बसला तर तुमची पिशवी कुणी कौतुकाने बघणार नाही. प्रेक्षकांसाठी मोबाईल बंद करायच्या सूचनेतच एक वाक्य घाला.

प्रयोग संपल्यावर फाये काढून पात्रांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत टाका. कपडे ट्रंकेत भरायच्या आधी रात्रभर टांगा. नाहीतर पुढच्या प्रयोगाला पोलीस, भटजी आणि नायिका, तिघांनाही हिन्याचा वास.