दारूचा हिशेब: ‘बसणं’ हाताबाहेर गेलंय का, हे घरच्या घरी कसं तपासायचं

आपली दारू वाढली आहे का, हे तपासायला निघालेला माणूस बहुधा चुकीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो: ‘मी बेवडा आहे का?’ उत्तर आधीच ठरलेलं असतं. बेवडा म्हणजे स्टेशनबाहेर फूटपाथवर आडवा पडलेला. आपली तर सकाळची ठाणे-वाशी लोकल चुकत नाही, घराचे हप्ते वेळेवर जातात, म्हणजे आपण त्यातले नाही. हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी एवढंच बघायचं: पहिला ग्लास पोटात गेल्यावर पुढचा घ्यायचा की नाही, हे अजून तुम्हीच ठरवता का? त्याचं उत्तर मनाला विचारून मिळत नाही, मोजून मिळतं.

आधी माप

‘दोनच पेग घेतो’ हे वाक्य खरं असू शकतं आणि तरीही निरुपयोगी, कारण घरातला पेग ग्लासवर आणि ओतणाऱ्यावर ठरतो. परमिट रूममध्ये स्मॉल म्हणजे ३० मिली आणि लार्ज म्हणजे ६० मिली. घरी मात्र ‘दोन बोटं’ असतात, आणि रुंद बुडाच्या ग्लासात दोन बोटं सहज ८०-९० मिली भरतात. रिकामी क्वार्टर (१८० मिलीची बाटली) पाण्याने भरा, नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखी ओता आणि बाटलीतून किती ग्लास निघतात ते बघा. दोन ग्लासांत क्वार्टर संपली, तर तुमचा एक पेग ९० मिलीचा आहे.

आपल्याकडे उपचारात १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक ड्रिंक धरतात. बाटलीवरचे मिली गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.८, की ग्रॅम मिळतात. व्हिस्की-रम बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे ३० मिलीत एक ड्रिंक आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सहा. ६५० मिलीची ५ टक्क्यांची बिअर अडीच ड्रिंक होते. ८ टक्क्यांची स्ट्राँग घेतली तर एकाच बाटलीत चार. ‘मी फक्त बिअर पितो’ म्हणणाऱ्याने दोन स्ट्राँग संपवल्या, तर त्याने क्वार्टर आणि वर एक लार्ज घेतली असा हिशेब आहे. देशीवर टक्के वेगवेगळे असतात, तेव्हा लेबल वाचा.

यकृत तासाला साधारण एक ड्रिंक निपटतं, पुष्कळांचं त्याहूनही हळू. रात्री ९ ते साडेबारा दीड क्वार्टर झाली, म्हणजे नऊ ड्रिंक, तर ती सकाळी ६ च्या आधी उतरत नाही, बऱ्याचदा ९ वाजतात. आंघोळ, लिंबूपाणी, कडक कॉफी यांनी डोळे उघडतात, रक्तातली दारू तेवढीच राहते. म्हणजे महापे किंवा रबाळे एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीसाठी ठाणे-बेलापूर रोडवर बाइक घालणारा माणूस स्वतःला ‘काल प्यायलेला’ समजतो, पण मशीनमध्ये फुंकला तर तो आजही प्यायलेलाच असतो. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे.

चार आठवड्यांची वही

वही नको असेल तर मोबाइलचं कॅलेंडर चालेल. पाच गोष्टी लिहा: पहिला घोट किती वाजता, एकूण मिली आणि टक्के, कोणाबरोबर, सुरू करण्याआधी किती घ्यायचं ठरवलं होतं, आणि दुसरा दिवस कसा गेला. यातली चौथी नोंद सर्वांत कामाची आणि नेमकी तीच लोक गाळतात. ‘ठरवले ६० मिली, झाले १८०’ ही ओळ महिन्यात आठ वेळा दिसली, तर पुढचं फारसं वाचावं लागत नाही.

नोंद त्याच रात्री किंवा सकाळी उठल्या उठल्या करा. रविवारी बसून आठवड्याचं आठवू गेलात तर निम्मं गळतं. तो खोटेपणाच असतो असं नाही, आठवतच नाही. पडताळणीसाठी यूपीआयच्या व्यवहारांत जा आणि नेहमीच्या वाइन शॉपचं नाव टाकून गेल्या तीन महिन्यांची बेरीज करा. परमिट रूमची बिलं, चकणा आणि परतीची रिक्षा वेगळी. वाइन शॉपला मुद्दाम रोखीनेच पैसे देत असाल, तर ते का, तेही वहीत लिहा.

याच्या जोडीला ऑडिट ही प्रश्नावली भरा. जागतिक आरोग्य संघटनेची आहे, दहा प्रश्न, ४० गुण, पाच मिनिटांचं काम. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबता आलं नाही असं किती वेळा झालं, सकाळी घ्यावी लागली का, आदल्या रात्रीचं आठवत नाही असं झालं का, कोणाला इजा झाली का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं का, असे ते प्रश्न. ८ किंवा जास्त गुण म्हणजे पिणं धोक्याच्या पट्ट्यात आलं. २० च्या पुढे अवलंबित्वाची शंका, डॉक्टरांकडे जायचंच. गुण वहीवरून भरा, अंदाजाने भरलेल्या ऑडिटमध्ये सगळेच सात गुणांवर थांबतात.

श्रावण काय सांगतो

‘मी श्रावण पाळतो, महिनाभर थेंब नाही’ हा आपल्याकडचा लाडका पुरावा. कुटुंबही त्यावर निर्धास्त असतं. पण अवलंबून असलेली कित्येक माणसं महिना काढू शकतात. त्यांना जमत नाही ते थोडी पिणं. म्हणून श्रावण पाळला का, यापेक्षा कसा पाळला ते बघा.

सुरुवात आषाढी अमावास्येपासून करा. घरात दिव्यांची पूजा आणि येऊरच्या बंगल्यावर गटारी हे ठाण्याला नवं नाही, पण ‘आता महिनाभर नाही’ म्हणून त्या रात्री नेहमीच्या दुप्पट झाली का? पहिल्या चार-पाच रात्री झोप लागली का, हात थरथरले का, घरात कोणावर विनाकारण भडकलात का? श्रावणात दिवस मोजत होता का? आणि संपल्यावर पहिल्याच रात्री पुन्हा जुन्या मापावर गेलात का? पाळणं हे दात-ओठ खाऊन केलेलं काम होतं, तर त्या महिन्याने तुम्हाला निर्दोष नाही ठरवलं, उलट पुरावा हातात दिला.

ड्राय डेचंही तसंच. १४ ऑगस्टला किंवा १ ऑक्टोबरला संध्याकाळी वाइन शॉपच्या रांगेत उभं राहून ‘एक जास्तीची असू दे’ म्हणताना उद्याच्या एका कोऱ्या दिवसाची धास्ती वाटली का?

महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा कठीण परीक्षा मर्यादेची. चार आठवडे आठवड्यातून जास्तीत जास्त तीन दिवस, दिवसाला ६० मिली मोजून, घरात साठा नाही. ६० मिली हे ‘सुरक्षित’ माप नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं प्रमाण नाही. इथे ते फक्त लगाम तपासायला आहे. यकृताचा आजार, गरोदरपण, फिट येण्याचा इतिहास, झोपेच्या गोळ्या, किंवा सकाळी हात थरथरणं यांपैकी काहीही असेल तर ही परीक्षा करू नका, थेट डॉक्टर गाठा. बाकीच्यांनी किती वेळा मर्यादा मोडली ते मोजा. एखाद्या लग्नात मोडली तर समजू शकतं. दर आठवड्याला नवं लग्न निघायला लागलं, की कळतं.

शरीराच्या खुणा

‘मला चढत नाही’ हे मित्रांत मिरवलं जातं. खरं तर मेंदू दारूला सरावलाय एवढाच त्याचा अर्थ. यकृताला प्रत्येक ग्रॅम निपटावाच लागतो. पुढे यकृत खराब झाल्यावर उलटं होतं आणि एका क्वार्टरमध्ये तोल जातो. लोकांना वाटतं, बरं झालं, कमी लागते.

सकाळी उठल्यावर दोन्ही हात समोर ताठ धरा, बोटं फाकवा, वर एक कागद ठेवा. कागदाची कड फडफडते का? टपरीवरचा कटिंग काठोकाठ भरलेला असताना एका हाताने उचलता येतो, की तोंडच ग्लासाजवळ न्यावं लागतं? सकाळी नऊला चेकवरची सही बिघडते आणि रात्री नऊनंतर सरळ येते? आणि एक घोट घेतल्यावर ही थरथर थांबते का? थांबत असेल तर तो उतारा नव्हे. शरीर अवलंबून झाल्याची सर्वांत स्पष्ट खूण तीच आहे.

झोपेसाठी पिणाऱ्यांना झोप पटकन लागते आणि पहाटे तीन-साडेतीनला छातीत धडधड होऊन जाग येते. रात्रीचा तुकडाच आठवत नाही, हे ‘बेशुद्ध पडलो’ पेक्षा वेगळं आहे: माणूस बोलत होता, चालत होता, कदाचित गाडीही चालवत होता, पण मेंदू नोंद करत नव्हता. असं वारंवार होत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका.

रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम्स बिघडलेली (जीजीटी वाढलेलं, एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट), सीबीसीत एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचा आकार वाढलेला, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, अशा गोष्टी दारूकडे बोट दाखवतात. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून सुटका नाही; यकृत बराच काळ तक्रार करत नाही. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मापाने त्यांच्या रक्तात दारू जास्त चढते, आणि नुकसानही कमी मापात होतं.

एकदम बंद करू नका

हा भाग घरच्यांनीही वाचावा. रोज क्वार्टर किंवा जास्त घेणाऱ्याने, विशेषतः सकाळी थरथर असणाऱ्याने, एका रात्रीत बंद करणं धोक्याचं आहे. ६ ते २४ तासांत घाम, थरथर, मळमळ, बेचैनी. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, जागा-वेळ समजत नाही, ताप येतो, माणूस सलाइन ओढून काढतो. यात जीव जाऊ शकतो. फिट किंवा भ्रम दिसला तर १०८ ला फोन करा, ‘थोडी पाजून बघू’ करत बसू नका.

गणपतीला गावी गेल्यावर किंवा पाय मोडून ॲडमिट झाल्यावर नकळत हेच घडतं: दारू तुटते आणि तिसऱ्या दिवशी माणूस बरळायला लागतो. म्हणून दाखल करताना डॉक्टरांना अचूक माप सांगा, ‘कधीतरी घेतात’ म्हणू नका, सासरची माणसं समोर असली तरी. उपचार साधे आहेत: थरथर आणि फिट रोखणाऱ्या गोळ्या काही दिवस कमी कमी करत देतात आणि सोबत थायमिन म्हणजे बी-१. थायमिन आधी आणि ग्लुकोज नंतर हा क्रम डॉक्टर पाळतात, कारण उलट झालं तर मेंदूला इजा होऊ शकते. ताकद यावी म्हणून घरच्या घरी ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नका.

‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा पुड्या भाजीत मिसळू नका. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं खरं औषध आहे, पण ते घेतल्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळू शकतो. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

घरात बोलायचं कसं

रात्री नाही. सकाळी, उतरल्यावर, आणि एकच प्रसंग घेऊन. ‘तुम्ही बेवडे झालात’ याला उत्तर भांडणाचंच येतं. ‘बाबा, शनिवारी केक कापायला तुम्हाला हाक मारली तेव्हा तुम्ही खाली गाडीत होता, मी दोनदा जिन्यात येऊन गेले’ याला उत्तर सापडत नाही. नंतर गप्प राहा. ऑफिसला ‘त्यांना ताप आहे’ असा फोन करणं, उधारी फेडणं हे थांबवा. त्याने दारू चालू राहण्याची सोय होते. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात, पिणाऱ्यासाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या. फी नसते, नाव सांगावं लागत नाही.

कुठे जायचं

फोनवर सुरुवात करायची तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. ‘ह्याला ठाण्याला न्या’ हा विनोद ऐकत वाढलेल्यांना मनोरुग्णालयाची पायरी जड जाते, हे खरंच. तसं असेल तर फॅमिली डॉक्टरांपासून सुरू करा किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. दाखल करून घेणारं केंद्र निवडताना तीन गोष्टी विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, पहिल्या आठवड्यात डॉक्टर रोज बघतात का, आणि घरच्यांना भेटू देतात का. रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेतो म्हणणाऱ्यांना नाही म्हणा.

पहिल्या भेटीला चार आठवड्यांची वही, चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या (मधुमेहाच्या आणि झोपेच्या खास), जुने रिपोर्ट आणि शेवटचा घोट किती वाजता घेतला ती वेळ एवढं न्या. हात थरथरत असतील तर स्वतः गाडी चालवू नका, सोबत कोणाला तरी घ्या. सकाळी घेतली असेल आणि तोंडाला वास येत असेल म्हणून भेट पुढे ढकलू नका. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरांना तो वास ओळखीचा असतो.