पोप फ्रान्सिस यांचा स्मृतिदिन खानदेशात कसा पाळावा

पोप फ्रान्सिस यांचे २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, व्हॅटिकनमधील सांता मार्ता या अतिथीगृहात निधन झाले, तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांत आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात विखुरलेल्या कॅथलिक कुटुंबांना दरवर्षी हा दिवस पाळावासा वाटतो. पण नेमके काय करावे, याबद्दल मनात संभ्रम असतो. हे लेखन त्यांच्यासाठी आहे.

सर्वात आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आहे, त्यांच्याकडे नव्हे. चर्चने ज्यांना संत किंवा धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून घोषित केले आहे त्यांचीच सार्वजनिक भक्ती होते. बाकी सर्व मृतांना, मग ते पोप का असेनात, आपण देवाच्या दयेवर सोपवतो. शेजारचे हिंदू बांधव प्रेमाने विचारतात, की हे वर्षश्राद्ध आहे का? तेव्हा त्यांना एवढेच सांगावे, की देवाने या माणसाला आपल्याजवळ घ्यावे अशी विनंती आम्ही करतो आणि त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतो. फोटो ठेवावा, त्याला मोगऱ्याचा हार घालावा, समोर पणती किंवा मेणबत्ती लावावी. आपल्याकडे आदर असाच व्यक्त होतो. मात्र फोटो वेदीवर न ठेवता बाजूच्या लहान मेजावर ठेवावा.

मिस्साबलिदानासाठी, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनाविधीसाठी (मास), फादरांना किमान दोन आठवडे आधी भेटावे. खानदेशातले तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात, अंतरे मोठी आहेत आणि एकाच धर्मगुरूंना अनेक गावे सांभाळावी लागतात, त्यामुळे ऐनवेळी केलेली विनंती त्यांना अडचणीची ठरते. तारखेचाही विचार करावा. ईस्टर दरवर्षी सरकतो. २०२८ साली २१ एप्रिल हा दिवस ईस्टरच्या अष्टकात, म्हणजे ईस्टरपासूनच्या आठ दिवसांच्या सणात, येतो आणि २०३० साली तर त्याच दिवशी ईस्टर आहे. अशा वर्षी मृतांसाठीचे खास मिस्साबलिदान त्या दिवशी करता येत नाही, ते पुढच्या एखाद्या मोकळ्या दिवशी ठेवावे लागते. आणखी एका ठिकाणी अनवधानाने चूक होते: मिस्साबलिदानाच्या मुख्य प्रार्थनेत विद्यमान पोपचे, म्हणजे ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या लिओ चौदावे यांचे नाव घेतले जाते, फ्रान्सिस यांचे नाव मृतांच्या स्मरणात आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत येते. प्रार्थना लिहून देणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

वेळ पहाटेची किंवा दिवस मावळल्यानंतरची ठेवावी. एप्रिलच्या उत्तरार्धात जळगाव-भुसावळकडे पारा अनेकदा चाळीसच्या वर असतो, आणि भर दुपारी वृद्धांना पत्र्याच्या मांडवात बसवून केलेले स्मरण स्वतः फ्रान्सिस यांना आवडले नसते.

जिथे चर्च नाही, किंवा फादर येऊ शकत नाहीत, तिथे घरातच प्रार्थना करावी. जपमाळ म्हणावी, मग योहानकृत शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय, येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा, सावकाश वाचावा. हाच उतारा का, ते उपस्थितांना सांगावे. १३ मार्च २०१३ रोजी पोप झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत आलेल्या पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, फ्रान्सिस रोममधील अल्पवयीनांच्या तुरुंगात गेले आणि त्यांनी बारा कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुस्लीमही होते. मृत्यूच्या चारच दिवस आधी, १७ एप्रिल २०२५ रोजी, आजारी अवस्थेतही ते पुन्हा एका तुरुंगात कैद्यांना भेटायला गेले. मला विचाराल तर त्यांच्याविषयी या दोन प्रसंगांइतके बोलके दुसरे काही नाही, आणि लांबलचक भाषणाऐवजी एवढेच सांगितले तरी पुरे. शक्य असेल तिथे हे अहिराणीत किंवा पावरीत सांगावे. घरातल्या आजीला जे घरच्या बोलीत कळते, ते छापील मराठीत कळेलच असे नाही.

फ्लेक्स लावू नये, हे मी आग्रहाने सांगते. आपल्याकडे कोणताही दिवस चौकातल्या फलकाशिवाय पार पडत नाही, हे खरे. पण या माणसाने पोपच्या अंत्यविधीचे नियम २०२४ मध्ये साधे केले, एकात एक अशा तीन शवपेट्यांची जुनी प्रथा बंद करून एकच पेटी पुरेशी मानली, आणि रोममधील सांता मारिया मज्जोरे या मोठ्या चर्चमधील (बॅसिलिकेतील) आपल्या थडग्यावर फक्त ‘फ्रान्सिस्कुस’ हे लॅटिन नाव असावे असे मृत्युपत्रात लिहून ठेवले. २६ एप्रिल २०२५ रोजी त्यांना तिथे पुरले, तेव्हा दाराशी पांढरी गुलाबाची फुले घेऊन रोममधले गरीब लोक उभे होते. फलकासाठी गोळा होणारा पैसा वेगळा काढावा, आणि त्यातून चर्चच्या फाटकाशी पाणपोई सुरू करावी.

पाणपोई खानदेशाला नवी नाही. तिच्यासाठी दोन मोठे रांजण, ओले गोणपाट, झाकण, लांब दांड्याचे ओगराळे आणि सावलीसाठी ताडपत्री एवढे साहित्य लागते. पाणी रोज सकाळी बदलावे, रांजण आठवड्यातून दोनदा घासून उन्हात वाळवावा. खरी अडचण साहित्याची नसते, माणसांची असते. पहिल्या आठवड्यात सगळे येतात आणि मेच्या मध्यावर रांजण कोरडा दिसतो. म्हणून घराघराचे वार आधीच कागदावर लिहून घ्यावेत आणि पाऊस लागेपर्यंत ते पाळावेत. पाणी पिणाऱ्याला धर्म विचारू नये, पत्रकही देऊ नये.

त्याच सुमारास ऊसतोडीला गेलेली नंदुरबार-धुळ्याकडची अनेक कुटुंबे परतलेली असतात. फ्रान्सिस यांनी पोप म्हणून रोमबाहेरचा पहिला अधिकृत प्रवास, जुलै २०१३ मध्ये, इटलीच्या लाम्पेदुसा या बेटावर केला होता, समुद्रात बुडून मेलेल्या स्थलांतरितांसाठी प्रार्थना करायला. तेव्हा स्मृतिदिनाचे जेवण, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असे साधेच, करायचे असेल तर या कुटुंबांना आधी आमंत्रण द्यावे आणि पंगतीत पाहुण्यांच्या मानाने बसवावे. मुलांची शाळा बुडाली असेल तर पुन्हा नाव घालायला कोण सोबत जाईल, हेही तिथेच ठरवावे.

झाडे लावण्याची हौस मात्र एप्रिलमध्ये भागवू नये. निसर्गाच्या रक्षणाविषयी त्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले, म्हणून त्यांच्या नावाने झाड लावणे योग्यच आहे. पण या उन्हात लावलेले रोप आठवडाभरही टिकत नाही. एप्रिलमध्ये फक्त जागा निवडावी, खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा, आणि मृगानंतर जमीन चांगली भिजली की कडुनिंब किंवा चिंच लावावी. रोपाभोवती काट्यांचे कुंपण करावे, नाहीतर शेळ्या ते खातात. पाणी घालण्याची जबाबदारी एकाच घराकडे द्यावी, आणि फेब्रुवारीपासून पुढच्या पावसापर्यंत ते घर गावाला गेले तर कोण पाणी घालणार, तेही त्याच दिवशी विचारून ठेवावे.