मातीतला अनोळखी किडा ओळखताय? या चुका टाळा

जुलैत मुलुंडला, आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत, आंब्याच्या कुजक्या पाल्याखाली एक पांढुरका जीव सापडला. असेल दोनेक मिलिमीटरचा. भिंगातून पाय मोजले, सहा भरले. ‘कीटकच आहे,’ असं शेजाऱ्यांना सांगून मोकळा झालो. ओल्या पाल्यासकट डबीत ठेवला आणि काही दिवसांनी झाकण उघडलं, तर पाय वाढलेले! ते वाणीचं पिल्लू होतं. वाणी म्हणजे पावसाळ्यात जिन्यात वेटोळं करून पडलेला ‘पैसा’. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पायांच्या तीनच जोड्या असतात. बाकीचे पाय पुढे कात टाकता टाकता येतात.

तेव्हा पहिली चूक ही, की सहा पाय मोजून थांबायचं. माइट म्हणजे कोळ्याच्या नात्यातला बारीक जीव. त्याच्या पिल्लालाही सहाच पाय असतात, मोठेपणी आठ होतात. पाल्यात ढिगाने सापडणारे स्प्रिंगटेल सहा पायांचेच, पण हल्ली त्यांना कीटकांपासून वेगळं धरतात. त्यांचे जबडे डोक्याच्या आत दडलेले असतात. ब्रशने डिवचल्यावर टुणकन उडाला तर बहुधा तोच, कारण पोटाखाली दुमडलेला काटा तो जमिनीवर आपटतो. उडाला नाही म्हणून मात्र यादीतून काढू नका. खोल मातीतल्या कित्येक पांढऱ्या जातींना तो काटा नसतोच.

पायांनंतर मिशा आणि शेपूट बघा. मागे चिमटा दिसला की ‘इअरविगचं (शेपटीला चिमटा असणाऱ्या कीटकाचं) पिल्लू’ म्हणायचा मोह होतो. जीव फिकट असेल आणि डोळे मुळीच नसतील, तर तो डिप्लुरा या सहा पायांच्या आंधळ्या जिवांच्या गटातला असू शकतो. मिशाच सापडत नाहीत? मग प्रोट्युरा, हाही सहा पायांचाच. हा गट १९०७मध्ये इटलीचे कीटकशास्त्रज्ञ सिल्वेस्त्री यांनी जगापुढे आणला. प्रोट्युरा पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालतो, त्यामुळे घाईत पाय चारच मोजले जातात. आणि नांग्या पुढे, आठ पाय, पण डंखाची शेपटीच नाही, असा इवलासा ‘विंचू’ दिसला तर ओरडू नका. तो छद्मविंचू, माणसाला काही करत नाही.

फोटोची चूक सगळेच करतात. वरून एकच फोटो, तोही तळहातावर. जीव आलेखाच्या कागदावर ठेवा, म्हणजे मिलिमीटर आपोआप कळतो. एक फोटो बाजूने, एक पोटाकडून घ्या. मोबाइलचं ॲप थेट जातीचं नाव सांगतं, पण अशा जिवांच्या बाबतीत गट बरोबर आला तरी खूप झालं.

मातीतले जीव वेगळे काढायला नरसाळं, त्यावर जाळी, जाळीवर माती आणि वर दिवा, ही कीटकशास्त्रज्ञ बर्लेसे यांची जुनी युक्ती; दिव्याची भर मात्र पुढे टुल्ग्रेन यांनी घातली. वरून माती सुकत जाते तसे जीव खाली उतरतात. माझा पहिला प्रयोग फसला, कारण टेबललॅम्पमध्ये एलईडी होता. उजेड भरपूर, ऊब नाही. जुना ४० वॉटचा बल्ब लावला, पण फार जवळ. माती भराभर वाळली आणि नाजूक जीव वाटेतच मेले. दिवा वीतभर वर ठेवा, दोन-तीन दिवस द्या. खाली नुसतं पाणी ठेवलंत तर स्प्रिंगटेल वर तरंगत राहतात. ७० टक्के अल्कोहोल हवं. नरसाळ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर घरच्या मुंग्या नमुन्यात येऊन बसतात आणि आपण त्याच ओळखत बसतो.

माती मात्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून उचलू नका. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथलं काहीही बाहेर आणता येत नाही. तिथे फोटो काढा, माती सोसायटीच्या बागेतली घ्या.

कुपीत चिठ्ठी टाकायला विसरू नका: तारीख, जागा, कोणत्या झाडाखाली, किती खोल. लिहायची पेन्सिलीने. मी बॉलपेनने लिहिली होती. आठवड्याभरात शाई अल्कोहोलमध्ये उतरली आणि कुपीत निळसर पाणी, कोरा कागद आणि बिननावाचा किडा उरला.