आधुनिक कला आणि यंत्रयुग : लिहिताना या चुका टाळा

‘कॅमेरा आला, चित्रकारांचं काम गेलं, म्हणून आधुनिक कला जन्मली.’ निबंधांत, स्लाइडांवर, कलादालनातल्या गप्पांत हे वाक्य भेटतंच, आणि मला दरवेळी तितकाच राग येतो. दागेरची छायाचित्रणाची पद्धत 1839 साली जाहीर झाली. इंप्रेशनिस्टांचं, म्हणजे क्षणाचा उजेड टिपणाऱ्या चित्रकारांचं, पहिलं प्रदर्शन 1874 चं. मधली 35 वर्षं कुठे गेली? कॅमेऱ्याने पोटावर पाय दिला तो छोटी व्यक्तिचित्रं रंगवून देणाऱ्यांच्या. मोने-देगा मंडळींचं ते प्रदर्शन तर नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओतच भरलं होतं.

‘रंगांच्या ट्यूबमुळे चित्रकार घराबाहेर पडले’ हेही अर्धसत्य. जॉन रँडने धातूच्या ट्यूबचं पेटंट 1841 साली घेतलं, पण इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल त्याआधीच उघड्यावर तैलरंगात अभ्यासचित्रं करत होता. ट्यूबने सोय झाली, इतकंच म्हणा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे आज दिसतो तोच मूळ रंग समजणं. एका विद्यार्थ्याने व्हॅन गॉगच्या 1890 मधल्या गुलाबांवर दोन पानं लिहून आणली : पांढरी फुलं, मृत्यूपूर्वीची शांती, विरक्ती. भाषा देखणी होती, पण ते गुलाब मुळात गुलाबी होते! 1870 च्या दशकात निघालेल्या इओसिन या कृत्रिम रंगापासून बनवलेली लाली उजेडात उडून गेली. ‘मोबाइलवर तर पांढरेच दिसतात,’ असा त्याचा वाद. हे नवे रंग टिकत नाहीत हे व्हॅन गॉगला माहीत होतं. 1888 मध्ये त्याने भाऊ थिओला तसं लिहिलं, आणि म्हणूनच ते अधिक भडक लावावेत असंही सुचवलं. विद्यार्थ्याला मी सगळं पुन्हा लिहायला लावलं. दुसरा निबंध रसायनांच्या कारखान्यापासून सुरू झाला आणि खूपच चांगला उतरला.

माझी सवय सांगते : आधी चित्राचं साल, मग त्या साली दुकानात कोणते रंग मिळत होते ते, मग चित्रकाराची पत्रं. इंप्रेशनिझमसारख्या कलावादाचं नाव सगळ्यात शेवटी. घाई असलेल्यांना हा क्रम जाचतो. जाचू दे.

इंप्रेशनिस्टांना ‘निसर्गवेडे’ म्हणून मोकळे होऊ नका. मोनेने 1877 मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार रेल्वे स्टेशनातली इंजिनांची वाफच पुन्हापुन्हा रंगवली.

शुद्ध रंगांचे ठिपके शेजारीशेजारी ठेवून चित्र उभं करणाऱ्या जॉर्ज सरा या चित्रकाराबद्दल लिहिताना नुसतं ‘विज्ञान’ लिहू नका, शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाचं नाव लिहा. तो पॅरिसमधल्या गोबलँ या चित्रपट विणणाऱ्या (टॅपेस्ट्रीच्या) कारखान्याच्या रंगविभागाचा प्रमुख. काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी आल्या, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या धाग्याच्या रंगात आहे हे त्याने शोधलं; सराचे ठिपके याच विचारावर उभे आहेत.